आरसा काळाच का राहतो? घरगुती स्मार्ट आरसा : वाचकांचे प्रश्न

घरी बनवलेल्या स्मार्ट आरशाबद्दल नाशिक आणि आसपासहून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: समोर अर्धपारदर्शक आरशाची काच, तिच्यामागे जुना मॉनिटर आणि मॉनिटरच्या पाठीला रास्पबेरी पाय (पुढे नुसता ‘पाय’) हा पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर. पडदा काळा ठेवून त्यावर पांढरी अक्षरं उमटवायची. काळा भाग आरसाच राहतो, अक्षरं तेवढी काचेतून दिसतात. जवळजवळ सगळ्या पत्रांतलं सॉफ्टवेअर एकच आहे, मॅजिकमिरर. नेदरलँड्सच्या मायकेल टेऊ यांनी २०१४ मध्ये स्वतःच्या आरशासाठी ते सुरू केलं आणि मुक्त सॉफ्टवेअर म्हणून ते जगभर पसरलं.

कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत घ्यावीत. मॅजिकमिररच्या फोल्डरच्या नावातले दोन्ही ‘एम’ मात्र मोठे. ‘एचडीएमआय-ए-१’सारखी पोर्टची नावं आणि ‘वेलँड डिस्प्ले’, ‘एक्सडीजी रनटाइम डीआयआर’ ही दोन नावं पूर्ण मोठ्या अक्षरांत; ‘फेचइंटरव्हल’, ‘वेदरप्रोव्हायडर’, ‘आयपीव्हाइटलिस्ट’ यांत दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं.

बऱ्याच पत्रांत ‘तीनदा नव्याने इन्स्टॉल केलं, तरी तेच’ असं वाक्य आहे. तेच होणार. बिघाड कॉन्फिगमध्ये (मॅजिकमिररच्या सेटिंग्जची फाइल), वीजपुरवठ्यात किंवा घड्याळात असेल तर मेमरी कार्ड पुसून काय साधणार? आधी लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने ठेवलेली कामाची आणि चुकांची नोंद, वाचा. आरसा पीएम२ (पाय चालू झाला की आरसा आपोआप सुरू करणारा प्रोग्राम) वरून चालत असेल तर ‘पीएम२ लॉग्ज’, नाहीतर मॅजिकमिररच्या फोल्डरमध्ये जाऊन हाताने ‘एनपीएम स्टार्ट’. शेवटच्या वीस-तीस ओळींत बहुतेक वेळा कारण लिहिलेलं असतं.

प्रश्न : नमुना कॉन्फिगवर आरसा छान चालत होता. मी त्यात घरच्या कॅलेंडरची माहिती भरली आणि आता काळ्या पडद्यावर ‘प्लीज क्रिएट अ कॉन्फिग फाइल’ एवढंच येतं. फाइल तर जागेवरच आहे! (सिडको)

फाइल आहे, पण सॉफ्टवेअरला ती वाचता येत नाही. दोन्ही वेळा हाच संदेश येतो, म्हणून गोंधळ होतो. मॅजिकमिररच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘एनपीएम रन कॉन्फिग:चेक’ चालवा. चूक कोणत्या ओळीत आहे ते आकड्यासकट समोर येईल.

आता त्या आकड्याबद्दल. तपासणारा प्रोग्राम जिथे अडखळतो ती ओळ दाखवतो. चूक बहुधा तिच्या वरच्या ओळीत असते. कॅलेंडर भरताना नेमकं असं होतं: एका मॉड्यूलचा (घड्याळ, कॅलेंडर असा आरशावरचा एकेक भाग) ठोकळा महिरपी कंसाने बंद होतो आणि लगेच दुसऱ्याचा कंस उघडतो, मधला स्वल्पविराम राहून जातो. प्रोग्राम दुसऱ्या कंसापाशी ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ म्हणून थांबतो आणि आपण त्या निर्दोष कंसाकडे बघत बसतो. नजर एक ओळ वर न्या. ठोकळ्याच्या आतही हेच, नाव-किंमत अशा प्रत्येक जोडीनंतर स्वल्पविराम हवा. शेवटच्या जोडीनंतर तो जास्तीचा पडला तर काही बिघडत नाही, त्यामुळे शंका असेल तिथे देऊन टाका.

दुसरं कारण म्हणजे अवतरणचिन्हं. कॅलेंडरचा लांबलचक पत्ता फोनच्या नोट्समध्ये किंवा वर्डमध्ये ठेवून तिथून चिकटवला असेल, तर सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं झालेली असतात. छपाईत ती देखणी दिसतात, कॉन्फिगमध्ये ती चालत नाहीत. पुसून कीबोर्डवरून पुन्हा द्या.

तपासणीत फाइल निर्दोष निघाली आणि तरीही कॅलेंडर दिसत नसेल, तर ‘पोझिशन’ बघा. टॉप-राइट हा शब्द हायफनने किंवा जागा सोडून चालत नाही, मधे अंडरस्कोअर लागतो. जागेचं नाव चुकलं की मॉड्यूल पडद्यावर येतच नाही.

कॅलेंडरचा पत्ताही नीट निवडा. गुगल कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये ‘इंटिग्रेट कॅलेंडर’खाली तीन-चार पत्ते दिसतात. खाजगी कॅलेंडरसाठी ‘सीक्रेट अॅड्रेस इन आयकॅल फॉरमॅट’ हाच घ्यायचा. त्याच्या शेवटी ‘बेसिक डॉट आयसीएस’ असतं. वरचा ‘पब्लिक’ पत्ता दिला तर लॉगमध्ये ४०४, म्हणजे ‘सापडत नाही’, दिसेल. हा गुप्त पत्ता म्हणजे घराची किल्लीच आहे. मदत मागताना कॉन्फिगचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचा असेल तर आधी तो झाका.

प्रश्न : वर्षभर सुरळीत चाललेला आरसा अपडेट केला आणि सुरूच होईना. पाय ४ आहे, कार्ड ३२ जीबीचं. (गंगापूर रोड)

मॅजिकमिररला नोड हा प्रोग्राम लागतो. त्याची आवृत्ती ‘नोड -व्ही’ चालवून बघा. मॅजिकमिररच्या अलीकडच्या आवृत्त्यांना नोड २२ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. रास्पबेरी पायच्या बुकवर्म या प्रणालीत प्रोग्राम बसवणाऱ्या ‘अॅप्ट’ने नोड घेतला तर १८ मिळतो, त्याआधीच्या बुल्सआय प्रणालीत १२. म्हणजे मॅजिकमिरर पुढे गेलं, नोड मागेच राहिला. नोडसोर्सच्या साठ्यातून २२ बसवा, मग मॅजिकमिररच्या फोल्डरमध्ये ‘एनपीएम रन इन्स्टॉल-एमएम’ पुन्हा चालवा. ही पायरी गाळली तर नवा नोड आणि जुने सुटे भाग अशी जोडी जमते आणि लॉगमध्ये ‘नोड मॉड्यूल व्हर्जन’ जुळत नसल्याची तक्रार येते. बाहेरून घेतलेल्या मॉड्यूलच्या बाबतीत तोच उपाय प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘एनपीएम इन्स्टॉल’ने करावा लागतो.

त्याआधी आणखी एक तपासा. प्रणाली ६४ बिटची आहे का? यासाठी बरेच जण ‘यूनेम -एम’ चालवतात आणि ‘एआर्च६४’ पाहून निर्धास्त होतात. पाय ४ वर हा पुरावा कच्चा आहे. कर्नल ६४ बिटचा आणि बाकी सगळी प्रणाली ३२ बिटची, अशी रचना रास्पबेरी पायच्या प्रणालीत आढळते. खरं उत्तर ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ देतं: ‘एआरएम६४’ आलं तर ठीक, ‘एआरएमएचएफ’ आलं तर प्रणाली ३२ बिटची. तसं असेल तर मात्र कार्डवर नव्याने ६४ बिटची प्रणाली टाकणंच कमी त्रासाचं. वर इन्स्टॉलेशनच्या विरोधात लिहिलं, त्याला हा अपवाद.

कॉन्फिगची प्रत आधी पेनड्राइव्हवर काढा. ‘गिट पुल’ने मॅजिकमिररची नवी आवृत्ती उतरवताना ‘तुमचे बदल पुसले जातील’ अशा अर्थाची तक्रार आली तर ती सहसा तुमच्या कॉन्फिगबद्दल नसते, कारण गिट कॉन्फिग फाइलकडे पाहतच नाही. पॅकेज-लॉक नावाची फाइल बदललेली असते. ‘गिट स्टॅश’ करून पुन्हा ‘पुल’ करा.

आणि लॉगमध्ये ‘ईअॅडरइनयूज’ आणि ८०८० हा आकडा दिसला, तर बिघाड काहीच नाही. पीएम२ ने आरसा आधीच चालू केलेला आहे आणि तुम्ही हाताने दुसरा सुरू करत आहात. आधी ‘पीएम२ स्टॉप’ आणि पुढे आपल्या प्रोसेसचं नाव देऊन पहिला थांबवा.

प्रश्न : सकाळी आरशात मराठीत दोन शब्द दिसावेत अशी मुलांची इच्छा. आधी नुसते चौकोन आले. फॉन्ट टाकल्यावर अक्षरं आली, पण वेलांटी आणि मात्रा वरून कापल्या जातात. (पंचवटी)

चौकोनांचा प्रश्न तुम्ही सोडवलाच आहे, इतरांसाठी लिहितो. डेस्कटॉपशिवायच्या ‘लाइट’ प्रणालीत देवनागरी फॉन्ट नसण्याची शक्यता जास्त. ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ किंवा ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हे पॅकेज ‘अॅप्ट’ने घ्या. मराठीला चालणारे फॉन्ट मशीनवर कोणते आहेत ते ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ सांगतं. तिथे एक तरी ओळ यायला हवी. मग आरसा पुन्हा सुरू करा; चालू असलेल्या आरशाला नवा फॉन्ट कळेलच असं नाही.

वेलांटीचं दुखणं वेगळं आहे आणि ते फक्त आपल्यासारख्या लिपींना होतं. शुभेच्छांच्या ‘कॉम्प्लिमेंट्स’ मॉड्यूलची अक्षरं ‘एक्सलार्ज’ या वर्गात बसतात. तिथे ओळीची उंची नेमकी अक्षराएवढीच, म्हणजे १, ठेवलेली आहे आणि दोन अक्षरांतलं अंतर उणे ३ पिक्सेल. रोमन अक्षरांना डोक्यावर काही नसतं, त्यामुळे त्यांचं भागतं. ‘र्की’सारख्या अक्षराला शिरोरेषेवर रफार आणि वेलांटी दोन्ही पेलायची असतात, त्याला १ ची उंची पुरत नाही. शिवाय अंतर उणे असल्यामुळे कानामात्रा शेजारच्या अक्षरावर चढतात.

उपाय चार ओळींचा. कस्टम डॉट सीएसएस या फाइलमध्ये ‘डॉट कॉम्प्लिमेंट्स’, जागा, ‘डॉट एक्सलार्ज’ असा सिलेक्टर लिहा आणि महिरपी कंसात लाइन-हाइट १.४, लेटर-स्पेसिंग ०, फॉन्ट-फॅमिली नोटो सॅन्स देवनागरी आणि फॉन्ट-वेट ४०० द्या. शेवटचं विसरू नका. या मॉड्यूलची मूळ अक्षरं ‘थिन’, म्हणजे अगदी बारीक असतात आणि काचेमागून देवनागरीची बारीक शिरोरेषा पुसट दिसते. ही फाइल जुन्या आवृत्त्यांत सीएसएस फोल्डरमध्ये असायची, नव्यांत कॉन्फिग फोल्डरमध्ये. चुकीच्या जागी ठेवली तर कसलीही तक्रार न येता बदल नुसता दिसत नाही.

घड्याळाखालचा वार आणि महिना मराठीत हवा असेल तर कॉन्फिगमधल्या ‘लँग्वेज’ला ‘एमआर’ द्या. तारखेचे आकडेही देवनागरी होतील. ज्या शब्दांचं भाषांतर सॉफ्टवेअरमध्ये नसेल ते इंग्रजीतच राहतात.

मुलांसाठी एक गंमत करता येते. शुभेच्छांमध्ये तारखेनुसार वाक्य देता येतं. वर्षाच्या जागी चार टिंबं दिली की ते दरवर्षी लागू. ‘चार टिंबं-०२-२७’ या नावाखाली मराठी भाषा गौरव दिनाचं वाक्य ठेवा. कुसुमाग्रजांच्या गावात ते असायलाच हवं. गुढीपाडवा, दिवाळी यांना ही युक्ती चालत नाही. त्या तिथीने येतात, म्हणून दरवर्षी पूर्ण तारीख बदलून घ्यावी लागते.

प्रश्न : लाइट जाऊन आली की आरशातलं घड्याळ मागे पडलेलं असतं आणि कॅलेंडर, बातम्या रिकाम्या. तासाभराने आपोआप सगळं ठीक होतं. कधी कधी होत नाही. (नाशिक रोड)

पाय ४ आणि त्याआधीच्या पायमध्ये सेलवर चालणारं घड्याळ नसतं. वीज गेली की वेळ थांबते. पाय पुन्हा उठतो तो शेवटची नोंदवलेली वेळ घेऊन आणि इंटरनेट मिळाल्यावर ती दुरुस्त करतो. दुपारी दोनला गेलेली लाइट साडेचारला आली, तर काही वेळ आरशात दोनच वाजलेले दिसणार.

रिकाम्या कॅलेंडरचं कारण बहुतेक राउटर आहे. पाय मिनिटाच्या आत उठून कामाला लागतो, घरच्या राउटरला लाइन पकडायला दोन-तीन मिनिटं लागतात. आरसा पहिल्यांदा माहिती मागतो तेव्हा नेट नसतं; लॉगमध्ये ‘ईएनओटीफाउंड’ किंवा ‘ईएआय अगेन’ दिसेल. मग तो थेट पुढच्या वेळापत्रकाला मागतो. बातम्यांचं वेळापत्रक साधारण पाच मिनिटांचं असतं. कॅलेंडरचा ‘फेचइंटरव्हल’ ३६००००० असेल तर तो मिलिसेकंदांत एक तास होतो. तुमचा ‘तासाभराने आपोआप’ तो हाच.

आरसा ज्या एमएम डॉट एसएच फाइलमधून सुरू होतो तिच्यात ‘सीडी’च्या ओळीआधी ‘स्लीप १५०’ अशी एक ओळ घाला. नेट येईपर्यंत ‘पिंग’ करत थांबणारी युक्तीही सुचवली जाते. आमचं मत तिच्या विरोधात आहे: ज्या दिवशी नेट सकाळभर बंद असेल त्या दिवशी आरसाही सकाळभर काळा राहील. अडीच मिनिटं थांबून निदान घड्याळ तरी लागलेलं बरं.

‘कधी कधी होत नाही’ याचा अर्थ वेगळा असू शकतो. आरसा महिना-दोन महिने बंद ठेवून लावला, तर पायच्या दृष्टीने तारीख दोन महिने जुनी असते. तेवढ्यात वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र नवं झालेलं असेल तर पायला ते ‘अजून लागू व्हायचंय’ असं वाटतं आणि तो माहिती नाकारतो. लॉगमध्ये ‘सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड’ हे शब्द शोधा. ‘टाइमडेटसीटीएल’ चालवून घड्याळ जुळल्याच्या ओळीत ‘येस’ आलं की आरसा पुन्हा सुरू करा.

कायमचा इलाज डीएस३२३१ घड्याळाचा छोटा बोर्ड. त्याच्या चार तारा: पायच्या पिन १ वर ३.३ व्होल्ट, ३ वर एसडीए, ५ वर एससीएल, ९ वर ग्राउंड. या बोर्डला ५ व्होल्ट देऊ नका. बाजारातल्या निळ्या बोर्डवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं आणि त्यात सीआर२०३२ हा चार्ज न होणारा सेल घालून ५ व्होल्ट दिले तर तो सेल फुगू शकतो. पायच्या स्वतःच्या कॉन्फिग डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये (मॅजिकमिररच्या कॉन्फिगमध्ये नव्हे) ‘डीटीपॅरम=आय२सी अंडरस्कोअर आर्म=ऑन’ आणि ‘डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१’ या दोन ओळी घालून रीबूट करा. मग ‘आय२सीडिटेक्ट -वाय १’ च्या तक्त्यात ६८ च्या जागी ‘यूयू’ दिसलं की समजा प्रणालीने घड्याळ ताब्यात घेतलं. नुसतं ६८ दिसलं तर तारा बरोबर आहेत, ओव्हरलेची ओळ चुकली आहे. काहीच नसेल तर एसडीए-एससीएल उलटे जोडले असतील. पाय ५ मध्ये घड्याळ बोर्डवरच आहे, फक्त सेल जोडावा लागतो.

घड्याळ नेहमीच बरोबर साडेपाच तास मागे असेल तर वरचं काही करू नका. टाइमझोन राहिला आहे. रास्पी-कॉन्फिगमध्ये लोकलायझेशन, टाइमझोन, एशिया, कोलकाता.

प्रश्न : हवामान ‘लोडिंग’वरच अडकलं आहे. ओपनवेदरमॅपची नवी की घेतली, तरी ४०१ येतो. (सातपूर)

की म्हणजे हवामानाची माहिती मागण्याचा परवाना-क्रमांक आणि ४०१ म्हणजे ती नाकारली गेली. नवी की चालू व्हायला काही वेळा दोनेक तास लागतात, तेव्हा आजची की संध्याकाळी पुन्हा बघा. मात्र कॉन्फिग जुन्या एखाद्या लेखातून उतरवलेलं असेल तर थांबून उपयोग नाही: त्यांची ‘वन कॉल’ची २.५ आवृत्ती जून २०२४ मध्ये बंद झाली आणि ३.० साठी वेगळी नोंदणी करून बँकेचं कार्ड द्यावं लागतं.

घरच्या आरशासाठी ‘ओपन-मेटिओ’ घ्या, त्याला की लागतच नाही. ‘वेदरप्रोव्हायडर’ला ‘ओपनमेटिओ’ लिहा, लॅट १९.९९, लॉन ७३.७९. आजचं हवामान आणि अंदाज हे एकाच मॉड्यूलचे दोन स्वतंत्र ठोकळे असतात. बदल दोन्हीकडे करा. आकड्यांची अदलाबदल झाली तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. मे महिन्यात नाशिकचा आरसा शून्याच्या आसपासचं तापमान दाखवू लागला तर समजा तुम्ही नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाऊन पोहोचलात.

प्रश्न : मॉनिटर उभा लावला आहे. ‘डिस्प्ले रोटेट’ची ओळ टाकली तरी चित्र आडवंच. (इंदिरानगर)

ती ओळ जुन्या डिस्प्ले ड्रायव्हरची आहे, नव्या केएमएस ड्रायव्हरमध्ये तिला कोणी विचारत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्मपासून कॉन्फिग डॉट टीएक्सटी ही फाइल बूटच्या आतल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये गेली. जुन्या जागी उघडलेल्या फाइलमध्ये ‘इथे काही बदलू नका’ अशी सूचना असते, ती वाचा.

डेस्कटॉपवरच्या मेनूत स्क्रीन कॉन्फिगरेशन उघडा, पडद्याच्या चित्रावर उजवं क्लिक, ओरिएंटेशन, राइट किंवा लेफ्ट. रीबूटनंतर ते टिकलं नाही तर प्रणाली लॅबडब्ल्यूसी (डेस्कटॉपचा पडदा सांभाळणारा प्रोग्राम) वापरते का बघा. ऑक्टोबर २०२४ पासून तोच ठरलेला आहे. त्याच्या ‘ऑटोस्टार्ट’ फाइलमध्ये ‘डब्ल्यूएलआर-रँडर --आउटपुट एचडीएमआय-ए-१ --ट्रान्सफॉर्म ९०’ ही ओळ घाला. चित्र डोक्यावर आलं तर ९० ऐवजी २७०. पाय ४ आणि ५ ला दोन मायक्रो एचडीएमआय आहेत. वायर दुसऱ्यात असेल तर नाव ‘ए-२’ होतं. नुसतं ‘डब्ल्यूएलआर-रँडर’ चालवलं की खरं नाव कळतं. एक्स११ या जुन्या पद्धतीच्या डेस्कटॉपवर मात्र याच पोर्टला मधला ‘ए’ नसतो. ऑनलाइन सापडलेली कमांड कितीतरी जणांकडे याच एका अक्षरापायी चालत नाही.

प्रश्न : समोर कोणी आलं तरच पडदा लागावा म्हणून एचसी-एसआर५०१ सेन्सर काचेमागे बसवला. एकदाही चालला नाही. सेन्सर खराब निघाला का? (देवळाली कॅम्प)

सेन्सर चांगला असणार. तो काचेमागे आहे, एवढंच त्याचं दुखणं.

टीव्हीच्या रिमोटचा इन्फ्रारेड किरण काचेतून सहज जातो, म्हणून हाही जाईल असं वाटतं. रिमोटच्या किरणाची लांबी एका मायक्रॉनच्या आतबाहेर असते. आपल्या अंगातून निघणारी उष्णता सुमारे १० मायक्रॉनची. तिला साधी काच काय आणि अॅक्रिलिक काय, भिंतच. तुमच्यासारखा पीआयआर प्रकारचा सेन्सर हीच उष्णता हलताना टिपतो. त्याचा पांढरा घुमट पातळ प्लॅस्टिकचा असतो तो त्यासाठीच. तेव्हा चौकटीच्या खालच्या पट्टीला घुमटाच्या मापाचं, सुमारे २३ मिलिमीटरचं भोक पाडून घुमट बाहेर काढा.

जोडणी: सेन्सरला ५ व्होल्ट पायच्या पिन २ वरून, ग्राउंड पिन ६, सिग्नल पिन ७. सिग्नल ३.३ व्होल्टचाच असतो, थेट जोडला तरी पायला धोका नाही. सेन्सरच्या मॉड्यूलच्या कॉन्फिगमध्ये मात्र ७ लिहू नका. तिथे जीपीआयओ क्रमांक, म्हणजे पायच्या चिपने त्या पिनला दिलेला आकडा, लागतो आणि पिन ७ म्हणजे जीपीआयओ ४. घुमट अलगद काढून पिनांपाशी छापलेली अक्षरं वाचा. वेगवेगळ्या बोर्डांवर ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलटसुलट असतात.

आरसा मधे न आणता तपासा. वीज दिल्यावर सेन्सरला मिनिटभर स्थिर होऊ द्या, तोवर तो काहीही सांगतो. मग ‘पिनसीटीआरएल गेट ४’ चालवा: हात हलवल्यावर ‘एचआय’, शांत राहिल्यावर ‘एलओ’. इथवर ठीक असेल तर बोर्डवरच्या दोन नारिंगी स्क्रूंपैकी वेळेचा पूर्ण कमी करा आणि पडदा किती वेळ लागलेला राहावा ते सॉफ्टवेअरला मोजू द्या. दोघेही वेळ मोजू लागले की पडदा कधी मिटतो याचा हिशेबच लागत नाही. कोणी नसताना पडदा लागत असेल तर सेन्सर पायच्या वायफायपासून लांब न्या. या सेन्सरला जवळच्या वायफायचा त्रास होतो. दहा-पंधरा सेंटिमीटर सरकवून फरक बघा.

सेन्सर बरोबर सांगतो आणि तरी पडदा मिटत नाही, असंही होतं. जुन्या मॉड्यूलांत ‘व्हीसीजेनसीएमडी डिस्प्ले पॉवर ०’ ही कमांड असते. नव्या ड्रायव्हरवर ती काहीच करत नाही. वेलँड या नव्या पद्धतीच्या डेस्कटॉपवर ‘डब्ल्यूएलआर-रँडर’ला आउटपुटचं नाव देऊन ‘--ऑफ’ आणि ‘--ऑन’ वापरावं. हीच कमांड क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) किंवा एसएसएचवरून (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून) चालवली तर तिला पडदा सापडत नाही, कारण डेस्कटॉपची माहिती तिथे पोचलेली नसते. कमांडच्या आधी ‘वेलँड डिस्प्ले’ आणि ‘एक्सडीजी रनटाइम डीआयआर’ (शब्दांमधे अंडरस्कोअर) हे दोन्ही द्यावे लागतात. पहिल्या वापरकर्त्यासाठी दुसऱ्याची किंमत ‘/रन/यूजर/१०००’. पाय ५ वर आणखी एक अडचण: त्याचे जीपीआयओ वेगळ्या चिपवर गेल्यामुळे ‘आरपीआय डॉट जीपीआयओ’ ही जुनी लायब्ररी चालत नाही. जीपीआयओझीरोवर बेतलेलं मॉड्यूल घ्या.

चौकटीला भोक पाडायचं नसेल तर आरसीडब्ल्यूएल-०५१६ हा रडारचा बोर्ड काचेमागून, प्लायमागून ओळखतो. इतका की पातळ भिंतीपलीकडून कोणी गेलं तरी पडदा लागतो. बेसिनवरच्या आरशाला भोकच बरं.

प्रश्न : पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं, दिवसातून दोन-तीनदा पाय आपणहून रीस्टार्ट होतो. पायला वीज मॉनिटरच्याच यूएसबीमधून दिली आहे, म्हणजे एकच वायर भिंतीत जाते. (जेल रोड)

ती एक वायर वाचवण्याची ही किंमत आहे. मॉनिटरचा यूएसबी पोर्ट साधारण अर्धा ते पाऊण-एक अँपिअर देतो. पाय ३ ला ५.१ व्होल्ट २.५ अँपिअर, पाय ४ ला ३ अँपिअर, पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अॅडॉप्टर लागतो. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ते चिन्ह येतं.

‘व्हीसीजेनसीएमडी गेट अंडरस्कोअर थ्रॉटल्ड’ चालवा. शून्य-एक्स-० आलं तर पुरवठा चांगला. ५०००५ म्हणजे आत्ता या क्षणी वीज कमी आहे. ५०००० म्हणजे आत्ता ठीक आहे, पण सुरू झाल्यापासून कधीतरी पडली होती. हे उत्तर पाहून ‘मग ठीकच आहे’ म्हणू नका. नवा अॅडॉप्टर घेऊनही ५०००० येत राहिलं तर वायर बदला. फोनच्या लांब, बारीक वायरीत व्होल्ट वाटेतच गळतात.

८०००८ आलं तर प्रकरण उष्णतेचं आहे. मागून प्लायने बंद केलेल्या चौकटीत मॉनिटरची आणि पायची उष्णता कोंडते आणि एप्रिल-मेच्या दुपारी मुळातच हवा तापलेली असते. खालच्या आणि वरच्या पट्टीला भोकांची एकेक ओळ पाडा. नुसतं वर पाडून हवा खेळत नाही.

वारंवार असं अचानक बंद पडण्याने मेमरी कार्डची फाइल रचना बिघडते. आरसा मनासारखा जमला की रास्पी-कॉन्फिगमधलं ‘ओव्हरले फाइल सिस्टीम’ चालू करा, मग कार्डवर काही लिहिलंच जात नाही. पुढे कॉन्फिग बदलायचं असेल तेव्हा मात्र ते आधी बंद करायला हवं, नाहीतर केलेला बदल रीबूटनंतर गायब होतो.

प्रश्न : फोनवरून आरशाचं पान उघडायचं आहे. ‘धिस डिव्हाइस इज नॉट अलाउड’ असं येतं. (कॉलेज रोड)

कॉन्फिगमध्ये ‘अॅड्रेस’ला ‘०.०.०.०’ द्या आणि ‘आयपीव्हाइटलिस्ट’मध्ये फोनचा आयपी जोडा. रिकामा चौकोनी कंस ठेवला तर घरच्या वायफायवरच्या सगळ्यांना परवानगी मिळते, तेही चालेल. राउटरमधून ८०८० पोर्ट बाहेर उघडू नका, तुमचं कॅलेंडर गावभर होईल.

प्रश्न : कपाटात पहिला पाय झीरो डब्ल्यू पडून आहे. तो चालेल का? (मखमलाबाद)

आरसा म्हणून नाही. त्याचा प्रोसेसर एआरएमव्ही६ प्रकारचा आहे. मॅजिकमिरर ज्यावर चालतं ते इलेक्ट्रॉन त्याच्यासाठी बनतच नाही. झीरो २ डब्ल्यूवर मॅजिकमिरर बसतं, पण त्याची ५१२ एमबी मेमरी घड्याळ, हवामान आणि बातम्या यांतच भरते. फोटोंचं मॉड्यूल घातलं की तो अडखळतो. घरात दुसरा चालू कॉम्प्युटर असेल तर त्यावर ‘एनपीएम रन सर्व्हर’ने मॅजिकमिरर चालवा आणि झीरो २ ला नुसतं ब्राउझर म्हणून पूर्ण पडद्यावर ते पान उघडायला सांगा.